‘मंगोल बाळ’ हा शब्द का टाकून द्यावा?

डाउन सिंड्रोम (बौद्धिक वाढीवर परिणाम करणारी एक जन्मजात स्थिती) असलेल्या मुलाला ‘मंगोल बाळ’ म्हणण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही, आणि निदानाने आधीच हादरलेल्या आईवडिलांच्या कानी नेमका तोच शब्द पडतो, म्हणून त्याच्यामागील विज्ञान नीट समजून घेणे आवश्यक आहे.

इंग्लंडमधील अर्ल्सवुड येथील बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संस्थेचे वैद्यकीय अधीक्षक जॉन लँग्डन डाउन यांनी 1866 मध्ये या मुलांचे वर्णन केले, तेव्हा जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांनी 1795 मध्ये पाडलेले मानवाचे पाच गट विद्वानांत रूढ होते. मुलांच्या डोळ्यांची ठेवण पाहून डाउन यांनी त्यांना ‘मंगोलियन’ गटात घातले. आजार वंशांच्या सीमा ओलांडू शकतो, अर्थात मानवजात एकच आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तथापि युरोपीय मूल ‘खालच्या’ वंशाकडे घसरते ही कल्पना त्या नावासोबत रुजली.

खरे कारण 1959 मध्ये लजन, गोतिए आणि तुर्पँ या फ्रेंच संशोधकांनी दाखवले : या मुलांच्या पेशींत 46 ऐवजी 47 गुणसूत्रे (आनुवंशिक माहिती वाहून नेणारे सूक्ष्म धागे) असतात, कारण 21 व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. बहुतेक वेळा ही प्रत अंडपेशीतून येते. स्त्री स्वतः आईच्या गर्भात असतानाच तिच्या अंडपेशींचे अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) सुरू होते आणि मध्येच थांबते. पुढे कित्येक वर्षांनी, अंडपेशी बीजकोशातून बाहेर पडण्याच्या सुमारास, ते पुन्हा चालू होते. या प्रदीर्घ काळात गुणसूत्रांना योग्य क्षणापर्यंत एकत्र धरून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिने, जी फारशी नव्याने तयार होत नाहीत, झिजत जातात, आणि मग विभाजनाच्या वेळी जोडीतील दोन्ही गुणसूत्रे एकाच बाजूला जाण्याचा संभव वाढतो. म्हणूनच आईच्या पंचविशीत साधारण 1,200 जन्मांत 1 असलेले हे प्रमाण चाळिशीत 100 जन्मांत 1 इतके होते, मात्र तरुण मातांचे जन्मच मुळात अधिक असल्याने अशी पुष्कळ मुले त्यांच्याही पोटी जन्मतात. ग्रहणात गर्भवतीने भाजी चिरल्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, आणि त्यासाठी सुनेला बोल लावणे हा निव्वळ अन्याय आहे.

ही घटना मराठी, जपानी, नायजेरियन किंवा मंगोलियन, कोणत्याही घरात घडते. 1961 मध्ये एकोणीस शास्त्रज्ञांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून हे नाव बदलण्याची मागणी केली, आणि 1965 मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरणे थांबवले. त्या विनंतीमागे साधे कारण होते : एका संपूर्ण राष्ट्राचे नाव वैद्यकशास्त्रात बौद्धिक अक्षमतेचा प्रतिशब्द झाले होते.