वेस्ट व्हर्जिनिया: गोळ्या गावोगाव पोचल्या, उपचार नाही पोचले

वेस्ट व्हर्जिनियात व्यसनावरच्या उपचारांची एवढी वानवा का, हे समजायचं तर आधी कोळशाच्या खाणींपर्यंत मागं जावं लागतं. अमेरिकेतलं हे डोंगराळ राज्य, लोकसंख्या जेमतेम 18 लाख, आणि कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या खाणीतलं वाकून करायचं काम. कंबर धरली, गुडघे गेले तरी काम सुटत नाही, मग डॉक्टरने दिलेली दुखण्यावरची गोळी घ्यायची आणि पुन्हा शिफ्टला जायचं. 1996 ला ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची, दुखण्यावरची जोरदार गोळी बाजारात आली ती नेमकी अशा लोकांपुढं. औषध हळूहळू सुटतं म्हणून सवय लागायची भीती कमी, असं कंपनीचे लोक डॉक्टरांना सांगत फिरले, पण गोळी चुरली की बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो हे लोकांना कळायला फार वेळ लागला नाही. बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला आणि 60 कोटी डॉलरच्या वर रक्कम भरली, ते थेट 2007 मध्ये.

केरमिट नावाचं गाव आहे तिथं, वस्ती सुमारे 400. तिथल्या एका मेडिकलमध्ये दोन वर्षांत हायड्रोकोडोन या अशाच दुखण्यावरच्या औषधाच्या जवळपास 90 लाख गोळ्या उतरल्या! एरिक आयर या तिथल्याच पत्रकाराने हे आकडे बाहेर काढले, त्याला 2017 चं पुलित्झर हे पत्रकारितेचं मोठं पारितोषिक मिळालं. अख्ख्या राज्यात सहा वर्षांत अशा 78 कोटी गोळ्या आल्या होत्या.

आता दुसरी बाजू बघा, मला खरा राग येतो तो इथं. व्यसन सोडवायला मेथाडोन नावाचं औषध आहे, नीट डोस बसला की तलफ आणि अंगाची तगमग आटोक्यात राहते, माणूस कामाला जाऊ शकतो. पण ते साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, परवाना असलेल्या क्लिनिकमध्येच मिळतं, आणि सुरुवातीला जवळपास रोज जाऊन नर्ससमोर कपातलं प्यावं लागायचं. क्लिनिक घाटापलीकडच्या गावात असलं तर पहाटे अंधारात गाडी काढायची, डोस घ्यायचा आणि तसंच कामावर पळायचं, बर्फ पडलेला असो नाहीतर पेट्रोलला पैसे नसोत. आणि 2007 मध्येच, म्हणजे पर्ड्यूने गुन्हा कबूल केला त्याच वर्षी, राज्याने नवीन मेथाडोन क्लिनिकना बंदी घातली, होती ती नऊच राहिली. मेथाडोनही अफूच्याच जातीचं, मग एक व्यसन सोडून दुसरं कशाला, हा समज पक्का होता.

2002 ला व्यसन सोडवायचं आणखी एक औषध, ब्युप्रेनॉर्फिन, आलं, ते साधा डॉक्टरही लिहून देऊ शकत होता, पण त्यासाठी वेगळी परवानगी लागायची आणि एका डॉक्टरला सुरुवातीला फक्त 30 पेशंट. दुखण्यावरच्या गोळ्या लिहून द्यायला असली मर्यादा नव्हती.

मग 2010 ला ऑक्सिकॉन्टिन सहज चुरता येणार नाही असं बनवलं, भसाभस गोळ्या लिहून देणाऱ्या दवाखान्यांवर धाडी पडल्या, पण उपचाराविना राहिलेले लोक हेरॉइनकडे वळले, त्यात पुढं फेंटानिल हे त्याहून कितीतरी जहाल औषध मिसळायला लागलं. ऑगस्ट 2016 मध्ये हंटिंग्टन शहरात एकाच दुपारी काही तासांत दोन डझनांवर लोक ओव्हरडोसने कोसळले. नॅलॉक्सोन हे ओव्हरडोस उतरवणारं औषध देऊन बहुतेकांना वाचवलं, पण नंतरच्या पाहणीत दिसलं की शुद्धीवर आल्यावर त्यांना पुढच्या उपचाराकडे कुणी पाठवलंच नव्हतं.

ब्युप्रेनॉर्फिनसाठीची ती वेगळी परवानगी रद्द व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला. मेथाडोनसाठी मात्र त्यानंतरही त्याच मोजक्या क्लिनिकचा रस्ता धरावा लागला.