ॲग्रीमेंट नोटरी केलंय की रजिस्टर?

‘भाड्याचं ॲग्रीमेंट झालंय ना?’ विचारलं की घरमालक ‘हो’ म्हणतात, आणि रजिस्टर झालंय का विचारलं की बॉण्ड पेपर पुढे करतात. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी असाच कागद दाखवला. पाचशेचा बॉण्ड, लाल गोल शिक्का, तिकिटावर तिरकी सही, खाली दोन साक्षीदार. ‘सही-शिक्का सगळं आहे की!’ काका म्हणाले. नोंदणी मात्र नव्हती.

नोटरी म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. सही अमक्याच माणसाने केली एवढं तो प्रमाणित करतो आणि स्वतःच्या वहीत नोंद घेतो. रजिस्टर केलेला करार दुय्यम निबंधकाच्या दप्तरी जातो, तुमच्याकडचा कागद हरवला तरी तिथून प्रत मिळते. हल्ली तर एजंट थंब मशीन घेऊन घरीच येतो, आधारवर अंगठा लावला की झालं.

खरी गोम भांडण लागल्यावर कळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं. ते चूक असल्याचं सिद्ध करायचं ओझं घरमालकावर. काकांच्या कागदावर डिपॉझिट ५० हजार लिहिलंय. उद्या भाडेकरू म्हणाला, ‘वरचे एक लाख रोख दिले होते,’ तर? काकांकडे ना बँकेची नोंद, ना पावती. लाल शिक्का त्यांच्या बाजूने बोलणार नाही. वर नोंदणी न केल्याबद्दल घरमालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मुदत संपूनही माणूस राहत्या घरातून हलत नसेल, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. पुढे राहिलेल्या दिवसांचे पैसे दुप्पट दराने मागता येतात. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, लढायची परवानगी तरी द्या, असं सकारण मागावं लागतं. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी जवळचा. पण त्या दारात नोंदणीकृत करार हातात घेऊनच जावं.

‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही’ हे ऐकलं की मला खरंच राग येतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही अकराची युक्ती देशभर पसरली. महाराष्ट्रात हा भाडे कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि कलम ५५ ला महिन्यांशी देणंघेणं नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती दिली म्हणजे नोंदणी झाली, असंही नाही. ते काम वेगळं, तेही करा.

पैसे तरी किती वाचतात? भाडं २० हजार, डिपॉझिट एक लाख, मुदत ११ महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के व्याजावर ०.२५ टक्के, म्हणजे सहाशेच्या आत-बाहेर. शहरात नोंदणी फी एक हजार. एजंटचे पैसे वेगळे.

मी स्वतः २४ महिन्यांचा करार करतो, दुसऱ्या वर्षीची भाडेवाढ त्यातच लिहितो आणि डिपॉझिट फक्त बँकेतून घेतो. मुदत वाढवताना पुन्हा नवा करार रजिस्टर करतो. पहिलं ॲग्रीमेंट रजिस्टर आणि पुढची वाढ साध्या चिठ्ठीवर, अशी घरं मी बरीच पाहिली आहेत. चिठ्ठी लिहिली त्या दिवसापासून त्यांची गत काकांसारखीच.