‘संशयकल्लोळ’ हौशी मंडळींच्या हाती कसे आले?

संगीत नाटक करायचे ठरवलेल्या हौशी मंडळींची निवड वारंवार गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’वर येऊन थांबते. याचे एक कारण नाटकाच्या जडणघडणीत आहे: ते मुळात गद्य होते आणि पदे त्यात मागाहून आली.

कथेचे बीज मोलिएरचे. त्याच्या १६६० मधील प्रहसनात भर रस्त्यात मूर्च्छा आलेल्या तरुणीच्या हातून प्रियकराची तसबीर पडते, तिला सावरणाऱ्या गृहस्थाच्या बायकोला ती सापडते आणि दोन्ही जोडप्यांना संशयाचे भूत झपाटते. आर्थर मर्फी या नाटककाराने १७६१ मध्ये यावरून इंग्रजीत पाच अंकी नाटक रचले, आणि त्याच्या आधारे देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. त्याआधी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ हे रूपांतरही त्यांनीच केले होते. म्हणजे संशयाचा विनाशक आणि हास्यास्पद असे दोन्ही चेहरे एकाच लेखणीतून मराठीत उतरले.

रूपांतर असल्याची शंकाही येऊ नये, इतके देवलांनी हे कथानक इथल्या मातीत रुजवले. फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या ही नावे महिन्यांवरून, तर कृत्तिका, रेवती ही नक्षत्रांवरून आली. मात्र त्याहून महत्त्वाचा बदल अश्विनशेठची प्रेयसी रेवती हिचा आहे. ती नायकिणीच्या घरातली असून तिला लग्नाचा संसार हवा आहे. त्यामुळे अश्विनशेठच्या संशयाला केवळ तसबिरीचा नव्हे, तत्कालीन समाजाच्या पूर्वग्रहाचाही आधार मिळतो. आजच्या दिग्दर्शकांनी हा धागा विनोदाच्या भरात निसटू देऊ नये, असे मला वाटते.

‘फाल्गुनराव’मध्ये पदांची भर घालून सिद्ध झालेले ‘संशयकल्लोळ’ हे संगीत रूप गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले, ते पाहायला देवल मात्र हयात नव्हते. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते. बालगंधर्वांची रेवती गाजलीच, पण गणपतराव बोडसांच्या फाल्गुनरावाने गद्य अभिनयाचा जो मापदंड घालून दिला, त्याचा दाखला पुढे वर्षानुवर्षे दिला गेला.

बोलपटांच्या आगमनानंतर मोठ्या नाटक मंडळ्यांचे बस्तान विसकटले, आणि जुनी संगीत नाटके जिवंत ठेवण्याचे काम पुण्या-मुंबईतील नाट्यसंस्था, गोव्यातील उत्सवी रंगमंच आणि राज्य नाट्यस्पर्धेतील हौशी संघ यांच्याकडे आले. पदरी गायकनट मोजकेच असलेल्या संघाला हे नाटक सोयीचे पडते, कारण गायनाचा मुख्य भार अश्विनशेठ आणि रेवती पेलतात, तर हशा प्रामुख्याने फाल्गुनराव आणि कृत्तिका या नवरा-बायकोच्या गद्य संवादांतून पिकतो. वेळेच्या मर्यादेत बसवण्यासाठी पदे गाळली किंवा आलापी आवरती घेतली, तरी कथानक खिळखिळे होत नाही. तालमीचा खरा कस लागतो तो तसबिरीच्या प्रवेशात, कारण तिथे नटाचे एक पाऊल उशिरा पडले, तरी पुढच्या गैरसमजाची साखळी तुटते.