शिबोरी की कासुरी?

निळ्या जमिनीवर पांढरी नक्षी असलेलं जपानी सुती कापड दिसलं, की आपल्याकडे ते सरसकट ‘शिबोरी’ ठरतं. त्यातलं बरंचसं कासुरी असतं. गोंधळ साहजिक आहे. दोन्हींत नीळ तीच आणि दोन्हींत पांढरा भाग आवळून बांधूनच राखलेला. शिबोरीत विणून झालेलं कापड बांधतात, कासुरीत विणण्याआधीचं सूत. बांधणी आणि पाटणचा पटोळा हाताळलेल्यांना हे लगेच उमगेल. पण जपानमध्ये दोन्हींचं काम जवळून पाहिल्यावर जाणवलं, की एवढ्याशा फरकाने कारागिराचं सगळं कामच वेगळं होतं.

शिबोरीचं मोठं गाव म्हणजे अरिमात्सु, आता नागोया शहराचाच भाग. १६०८ मध्ये तोकाइदो या राजमार्गावर ते वसलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंना शिबोरीचे सुती पंचे विकून नावारूपाला आलं. इथे प्रकार अनेक. कानोकोचे बारीक ठिपके थेट आपल्या बांधणीच्या नात्यातले. इताजिमेत घडी घातलेलं कापड फळ्यांमध्ये दाबतात. अराशीत ते लांब खांबाला गुंडाळून, दोऱ्याने आवळून एका टोकाकडे सारतात, त्यामुळे तिरक्या सरींसारख्या रेघा उमटतात. प्रत्येक प्रकारात रंग किती आत शिरणार हे दोरा किंवा फळ्या किती आवळल्या यावर ठरतं. म्हणून पांढरा भाग एकदम संपत नाही, फिका होत होत निळ्यात मिसळतो. दोरा सोडला तरी कापडावर बारीक सुरकुत्या आणि उंचवटे राहतात. ते इस्त्रीने सपाट करणं म्हणजे निम्मी शिबोरी घालवणं.

कासुरीसाठी दक्षिणेला क्युशू बेटावर जायला हवं, फुकुओका प्रांतातल्या कुरुमे भागात. १८०० च्या सुमारास इनोउए देन या बारा-तेरा वर्षांच्या मुलीने जुन्या कापडावर विटून पडलेले पांढरे ठिपके पाहिले, कापड उसवून धागे तपासले आणि तिथून कुरुमे कासुरी सुरू झाली, असं सांगतात. इथे कापड अजून अस्तित्वातही नसतं, तेव्हा नक्षी पक्की करावी लागते. ती चौकटींच्या कागदावर काढायची, कोणता धागा कुठे पांढरा राहणार ते मोजायचं, सुताच्या जुड्या त्या-त्या जागी बांधायच्या, निळीच्या पिंपात पुन्हापुन्हा बुडवायच्या, मग सोडून मागावर चढवायच्या. रंगवताना सूत आटतं, त्याचाही हिशोब आधीच धरलेला असतो. विणताना प्रत्येक आडवा धागा जुळवून बसवायचा. कितीही जुळवला तरी केसभर सरकतोच आणि नक्षीची कड धाग्याच्या दिशेने किंचित दातेरी होते. काहींना तो दोष वाटतो. मला त्या कडेतच विणणारीचा हात दिसतो, आणि माझं मन कासुरीकडेच झुकतं.

हातात कापड घेतल्यावर ओळखायचं कसं? नक्षीच्या मधोमध बघा. शिबोरीत उभा आणि आडवा धागा एकत्रच बांधलेले असतात, म्हणून गाठ नीट आवळलेली असेल तिथे दोन्ही पांढरे. कासुरीत पुष्कळदा फक्त आडवं सूत बांधलेलं असतं. त्याच्यावरून निळा उभा धागा जातो, त्यामुळे नक्षी शुभ्र न दिसता फिकट निळी दिसते. दोन्ही सुतं बांधली असतील तर ती जिथे एकमेकांना छेदतात तिथेच लख्ख पांढरं, आजूबाजूला अर्धवट निळसर. ही दुहेरी कासुरी म्हणजे पटोळ्याचीच जात. फक्त पटोळा रेशमाचा आणि बहुरंगी, तर कुरुमेची कासुरी सुती आणि बहुधा निळी-पांढरी.

अस्सल नीळ मात्र दोघींनाही एकाच वाटेने मिळते. तोकुशिमा भागात निळीच्या झाडाची पानं सुमारे शंभर दिवस कुजवून सुकुमो करतात आणि राखेच्या पाण्यात आंबवून पिंप तयार होतं. झाड आपल्या निळीचं नव्हे, वेगळ्या कुळातलं आहे. रंग मात्र तोच. पिंपातून बाहेर येताना हिरवट आणि हवा लागली की निळा.

बाजारात तिसराच प्रकार जास्त भेटतो: शिबोरीचा किंवा कासुरीचा नुसता छाप. कापड उलटं करा. कासुरी दोन्हीकडून सारखी दिसते, हाताच्या शिबोरीतही रंग आरपार गेलेला असतो. छापाची उलटी बाजू बहुधा फिकी निघते आणि त्याच्या कडा सगळीकडे एकसारख्या रेखीव असतात.