मतपत्रिका घरी आली म्हणून मतदान वाढतं का?

अमेरिकेत टेक्सासमधे एक नियम आहे. वय ६५ झालं असेल तर टपालाने मत द्यायला कारण सांगावं लागत नाही, अर्ज पाठवला की मतपत्रिका घरी येते. ६४ असेल तर मात्र आजारपण, अपंगत्व, त्या वेळी काउंटीबाहेर (म्हणजे आपल्या जिल्ह्याबाहेर) असणं असलं काहीतरी कारण लागतं. आता एकाच गल्लीतले दोन शेजारी घ्या, एकाचा ६५वा वाढदिवस ऑक्टोबरात, दुसऱ्याचा डिसेंबरात, आणि नोव्हेंबर २०२० ची निवडणूक, ऐन कोरोनात. पहिला घरी चहा पीत मत देऊन लिफाफ्यावर सही करणार, दुसरा बूथवर जाणार.

संशोधकांना हा आयताच प्रयोग मिळाला. स्टॅनफर्डच्या टीमने ६४ आणि ६५ वाल्यांची तुलना केली, तर सोय असून ६५ वाल्यांचं मतदान काही उसळी मारून वर गेलेलं नव्हतं. वाढलं दोघांचंही, आणि जवळपास सारखंच! टपालाचा मार्ग डेमोक्रॅट मतदारांनी जास्त वापरला हे खरं, पण त्यांचं पारडं त्याने जड झालं नाही, कारण यातले बहुतेक जण एरवीही बूथवर गेलेच असते.

याआधी कॅलिफोर्निया, युटा आणि वॉशिंग्टन या राज्यांचा अभ्यास झाला होता. तिथे सगळ्यांना घरपोच मतपत्रिका देण्याची पद्धत एकेका काउंटीत वेगवेगळ्या वर्षी आली, त्यामुळे तुलना करता आली. मतदान वाढलं ते साधारण २ टक्क्यांनी, आणि फायदा ना या पक्षाला ना त्या पक्षाला.

मग लोक बाहेर पडतात कशाने? जोशाने. २०१४ च्या मध्यावधीत, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मधोमध होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीत, जेमतेम ३७ टक्के मतदान झालं होतं, २०१८ च्या मध्यावधीत ५० टक्के. चार वर्षांत मत देणं एवढं सोपं थोडीच झालं होतं, ट्रम्पच्या बाजूने असो की विरोधात, लोक पेटले होते. २०२० ला तर ६६ टक्क्यांच्या आसपास, १९०० नंतरचं सगळ्यात जास्त.

रायकर आणि ऑर्डशूक या राज्यशास्त्रज्ञांनी १९६८ मधेच हे गणितात मांडलं होतं. माझ्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळजवळ शून्य, त्यामुळे मत द्यायला लागणारा वेळ आणि त्रास भरून निघतो तो कर्तव्याच्या भावनेने, आपण यात आहोत या समाधानाने. ती भावना तीव्र असली की तासभराची रांगही माणूस सहन करतो, आणि नसली तर घरी आलेला लिफाफा रद्दीत जातो.

मला स्वतःला सोय हवीच वाटते. रात्रपाळीवाल्यांना, ज्यांना चालवत नाही त्यांना ती द्यायलाच हवी, पक्षांचा हिशोब काहीही निघो. पण नुसत्या सोयीचा एक उलटा परिणामही दिसलाय. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१४ मधे आढळलं की फक्त आगाऊ मतदान (मतदानाच्या दिवसाआधीच मत देण्याची सोय) सुरू केलं तर मतदान थोडं घटतं. त्यांच्या मते मतदानाच्या दिवसाची गजबज, कार्यकर्त्यांची धावपळ, शेजाऱ्याचं "दिलं का मत?" हे सगळं कित्येक दिवसांत विखुरलं जातं आणि त्यातला जोर जातो. मतदानाच्याच दिवशी नावनोंदणी करून लगेच मत देता आलं तर मात्र मतदान वाढतं.