उचललेलं तूस जातं कुठे? लिंट रोलरची पार्श्वभूमी

काळ्या पँटवरचं तूस, सोफ्यावरचे मांजरीचे केस, गाडीच्या सीटमध्ये रुतलेली कुसळं काढायला आज हातात मावणारे रोलर मिळतात. दुकानात त्यांच्या मुख्यतः दोन जाती दिसतात. एकावर चिकट कागदाची गुंडाळी असते. कागद भरला की फाडून टाकायचा. दुसऱ्यावर मखमलीसारखं कापड आणि पोटात छोटा डबा असतो. डबा रिकामा केला की रोलर पुन्हा तयार. घरात केर काढायला केरसुणी लागते आणि भरायला सुपली. या एवढ्याशा रोलरला मात्र दोन्ही कामं एकट्यानेच करावी लागतात, आणि त्याच्या रचनेतली सगळी अडचण दुसऱ्या कामात आहे.

फिरता ब्रश आणि डबा यांची जोडी आधी जमिनीवर आली. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावात मेलव्हिल बिसेल आणि त्यांच्या पत्नी ॲना यांचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. भांडी भुशात बांधून येत, आणि तो भुसा गालिच्यात असा घुसे की झाडूने निघत नसे. त्यावर बिसेल यांनी 1876 मध्ये आपल्या कार्पेट स्वीपरचं पेटंट घेतलं. ढकललं की चाकं फिरायची, चाकांमुळे ब्रश फिरायचा आणि कचरा उडून वरच्या बंद पेटीत पडायचा. वीज नाही, मोटर नाही. 1889 मध्ये मेलव्हिल वारले आणि ॲनाबाईंनी कंपनी हातात घेतली. अमेरिकेत एवढी मोठी कंपनी चालवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं.

हे यंत्र गालिच्यावर चाललं, कारण गालिचा जड असतो, जागचा हलत नाही. कोटाच्या बाहीवर तसा ब्रश फिरवला तर बाहीच गोळा होते. त्यामुळे कपड्यांसाठी डुकराच्या राठ केसांचा साधा ब्रशच राहिला. लोकरी सूट वरचेवर धुता येत नसे, तो ब्रशने झटकावा लागे. आणि झटकलेलं तूस हवेत फिरून पुन्हा खांद्यावर येऊन बसे.

वाट निघाली ती रंगाऱ्यांच्या कामातून. 1920 च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारगाड्यांची हौस होती. एक रंग देताना दुसरा भाग कागदाने झाकायचा, आणि तो चिकटवलेला कागद काढताना ताजा रंगही सोबत उचकटून यायचा. थ्रीएम कंपनीतला रिचर्ड ड्रू हा तरुण सँडपेपरचे नमुने घेऊन गॅरेजमध्ये जायचा, तिथे त्याने रंगाऱ्यांची ही चिडचिड पाहिली. 1925 मध्ये त्याने मास्किंग टेप तयार केली: चुण्या असलेला क्रेप कागद, त्यावर सुतारी सरस आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण. दाबलं की चिकटायचं आणि ओढलं की मागे काही न ठेवता निघून यायचं, हा तिचा गुण. पुढे तूस काढायला नेमका हाच गुण उपयोगी पडला.

1956 मध्ये निकोलस मॅके नावाचे अमेरिकन इंजिनीअर मुलांच्या नाचाच्या कार्यक्रमाला देखरेखीसाठी निघाले होते. सूटवर तूस दिसलं. टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी, वाकवलेली तार आणि उलटी गुंडाळलेली मास्किंग टेप एवढ्या सामानातून त्यांनी पहिला लिंट रोलर जुळवला. पत्नी हेलन आणि मॅके या दोन नावांतून त्यांच्या कंपनीला हेलमॅक हे नाव मिळालं.

याच काळात कपडेही बदलत होते. नायलॉन 1930 च्या दशकातलं, पॉलिएस्टर 1940 च्या दशकातलं. महायुद्धानंतर दोन्ही घराघरांत शिरले. सुती कापड हवेतला ओलावा वजनाच्या साधारण 7-8 टक्के धरून ठेवतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. ओलावा नाही म्हणून घर्षणाने आलेला विद्युतभार वाहून जात नाही, आणि तूस ओढलं जातं. आपल्याकडे टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्र कापड, वापरलेल्या पिढीला हे सांगायला नको: विदर्भातल्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पँट पायाला चिकटते, मुंबईच्या पावसाळ्यात तसा त्रास जाणवत नाही.

जपानमध्ये चिकट रोलर कपड्यावरून परत जमिनीवर उतरला. निटॉम्स कंपनीने 1983 मध्ये ‘कोरोकोरो’ हा गालिच्याचा रोलर आणला आणि आज तिथे कोणत्याही चिकट रोलरला लोक कोरोकोरोच म्हणतात. पुढे त्यात गोंद सलग न लावता उंचसखल पट्ट्यांत लावण्याची युक्ती आली. बारीक सुधारणा वाटते, पण मोलाची आहे. गोंद कमी पडला तर केस सुटतात. जास्त झाला तर कागद जमिनीलाच चिकटतो, आणि कपड्यावर वापरला तर लोकरीची स्वतःची लवही उपटून आणतो. कागद तिरका फाडता यावा म्हणून तिरपी छिद्रं पाडणं हीदेखील अशीच गोष्ट; सरळ कापात कडा कुठे आहे ते नखाने शोधत बसावं लागतं.

तरीही मला हा मार्ग अपुरा वाटतो. प्रत्येक वेळी गोंद लावलेला कागद कचऱ्यात जातो, त्याचा पुनर्वापर होत नाही. मूठभर केसांसाठी हे फार आहे.

दुसरी जात तिरक्या लवेच्या कापडाची. त्यावरून अंगठा फिरवून पाहा: एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने खरखरीत. खरखरीत बाजूने ओढलं की नायलॉनचे आखूड तंतू केसाला अडकवून धरतात, उलट फिरवलं की सोडतात. सीलच्या कातड्याच्या पट्ट्या स्कीखाली बांधून बर्फाळ चढ चढताना हाच गुण वापरला जाई. आधी या कापडाचे सपाट ब्रश आले. त्यांवर जमलेलं तूस बोटाने काढावं लागे. रोलरमध्ये उलट दिशांच्या लवेच्या दोन पट्ट्या बसवल्या आणि त्यांच्या मधे रबराची पाती. हा रोलर पूर्ण फिरत नाही. पुढे ढकलला की थोडा वळून खट् आवाजाने अडतो, मागे ओढला की उलट वळतो. एक पट्टी केस पकडत असताना दुसरीवरचे केस आतल्या कापडावर घासून डब्यात पडतात. म्हणून तो आखूड, मागेपुढे हिसक्यांनी चालवायचा. लांब सरळ ओढला तर काम करत नाही, आणि पुष्कळ लोक तिथेच तो निकामी ठरवतात.

लांब केस मात्र त्यालाही जड जातात. ते डब्यात न पडता रोलरच्या टोकाशी, आसाभोवती गुंतवळ करतात. बिसेलच्या काळापासून फिरत्या ब्रशला ही खोड आहे आणि आजच्या व्हॅक्यूम क्लीनरमध्येही ब्रश काढून कात्रीने केस कापावे लागतात. हातातल्या रोलरची टोकं बहुधा प्लास्टिकमध्ये कायमची बंद केलेली असतात. लव झिजली तरी कापड बदलता येत नाही आणि एरवी धडधाकट असलेलं अख्खं अवजार टाकावं लागतं. नवा रोलर आखणाऱ्याने टोकं उघडणारी ठेवली आणि कापडाची पट्टी सुटी विकली, तर त्याच हँडलवर तो कितीतरी वर्षं चालेल.