३१ डिसेंबरच्या सहीमागचा वकील

१९ डिसेंबर १९६१ ही गोवा मुक्तीची तारीख आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. पोर्तुगालच्या दप्तरात मात्र गोवा त्यानंतरही तेरा वर्षे पोर्तुगालचाच होता. तिथून तो उतरला ३१ डिसेंबर १९७४ रोजी, नवी दिल्लीत. करारावर भारतातर्फे सही केली परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. पोर्तुगालतर्फे सही करणारे होते मारियो सोआरेस, नुकतीच पन्नाशी गाठलेले परराष्ट्रमंत्री. दोघेही वकील आणि दोघेही तुरुंगात राहून आलेले. कऱ्हाडच्या वकिलाची हकिगत आपल्याला ठाऊक आहे, लिस्बनच्या वकिलाची फारशी नाही.

सोआरेस यांचा जन्म ७ डिसेंबर १९२४ चा. वडील जुआंव सोआरेस धर्मगुरूपद सोडून राजकारणात आलेले. पोर्तुगालच्या पहिल्या प्रजासत्ताकात ते काही काळ मंत्री होते, आणि खातेही कोणते, तर वसाहतींचे! बापाने चालवलेल्या दप्तराला मुलाने टाळे लावले, हा योगायोग गमतीचा खरा. १९२६ मध्ये लष्कराने प्रजासत्ताक मोडीत काढले आणि पुढे सालाझारची हुकूमशाही आली. वडिलांनी मग लिस्बनमध्ये शाळा काढली. तिथे मारियोला भूगोल शिकवायला होता आल्व्हारो कुन्याल, पुढे पोर्तुगीज कम्युनिस्ट पक्षाचा पोलादी नेता. या गुरुशिष्यांची गाठ पुन्हा पडणार होती.

सोआरेस आधी इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकले, कायद्याची पदवी १९५७ मध्ये घेतली. तोवर 'पिडे' या राजकीय पोलिसांशी त्यांची चांगलीच ओळख झालेली होती. एकूण बारा अटका, मिळून जवळपास तीन वर्षांचा तुरुंगवास. मारिया बारोसो या अभिनेत्रीशी त्यांचे लग्न लागले ते १९४९ मध्ये, तुरुंगात असतानाच.

त्या राजवटीत राजकीय खटल्यांत वकिलाने करायचे तरी काय? न्यायालये खास, साक्षीपुरावा पोलिसांच्या मुठीत. शिक्षा भोगून संपली तरी 'सुरक्षेचा उपाय' या गोंडस नावाखाली कैद वाढवता येई, पुन्हा आणि पुन्हा. आरोपी सुटेल अशी आशा वकिलालाही नसायची. पण पोलिसांनी छळ केला हे भर न्यायालयात बोलून नोंदवून ठेवता येई, आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर असलेल्या देशात तेवढेही थोडे नव्हते. सोआरेस हेच करत राहिले.

त्यांचे सर्वांत गाजलेले प्रकरण जनरल उम्बेर्तु देल्गादु यांच्या खुनाचे. १९५८ ची अध्यक्षीय निवडणूक राजवटीच्या उमेदवाराविरुद्ध लढवणाऱ्या या सेनानीला पिडेच्या माणसांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीत गाठून ठार केले. त्यांच्या कुटुंबाचे वकीलपत्र सोआरेस यांनी घेतले आणि प्रकरण दडपू दिले नाही. राजवटीने त्याचा हिशेब ठेवला. मार्च १९६८ मध्ये खटला न चालवताच त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या साव तोमे बेटावर धाडण्यात आले. त्याच ऑगस्टमध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, अगदी शब्दशः. डोक्याला मार बसला आणि सत्ता गेली. वारसदार कायतानु याने सोआरेस यांना परत येऊ दिले, पण १९७० पासून पुन्हा परागंदा होणे आलेच, या वेळी फ्रान्समध्ये. एप्रिल १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या एका छोट्या गावात मूठभर निर्वासितांनी पोर्तुगीज समाजवादी पक्ष स्थापन केला. सोआरेस त्याचे नेते झाले.

वर्षभराने, २५ एप्रिल १९७४ ला, वसाहतींतल्या युद्धांना विटलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राजवट उलथवली. तीन दिवसांनी सोआरेस पॅरिसहून आगगाडीने लिस्बनला उतरले तेव्हा स्थानकावर गर्दी मावत नव्हती. मे महिन्यात ते परराष्ट्रमंत्री झाले.

गोव्याच्या कराराला हा सगळा संदर्भ आहे. सालाझारचा हट्ट असा, की गोवा ही वसाहतच नव्हे, तो पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत. १९५१ मध्ये त्याने राज्यघटनाच तशी बदलून घेतली होती. शेवटचे गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांना मरेपर्यंत लढण्याचा आदेश होता. त्यांनी तो न मानता शरणागती पत्करली, म्हणून त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. गोवा मुक्तिलढ्यातले सैनिक मोहन रानडे यांना तर गोवा मुक्त झाल्यावरही जानेवारी १९६९ पर्यंत लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात डांबून ठेवले होते.

दिल्लीच्या करारातले पहिले कलम वकिली डोक्याने वाचण्यासारखे आहे. भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले, पण सहीच्या दिवसापासून नव्हे. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या ज्या तारखांना भारताचे भाग झाले, त्या तारखांपासून. म्हणजे मधल्या तेरा वर्षांचा पोर्तुगीज दावा एका वाक्यात पुसला गेला.

आफ्रिकेतला हिशेब इतका स्वच्छ मिटला नाही. अंगोलात यादवी पेटली, लाखो पोर्तुगीज सर्वस्व सोडून मायदेशी परतले, आणि त्याचा राग अनेकांनी आयुष्यभर सोआरेस यांच्यावर काढला. मायदेशात १९७५ चे वर्ष कम्युनिस्टांशी रस्सीखेचीत गेले. नोव्हेंबरमध्ये दूरचित्रवाणीवर समोरासमोर बसले ते सोआरेस आणि त्यांचे जुने भूगोलाचे मास्तर! पुढे सोआरेस पंतप्रधान झाले. १२ जून १९८५ रोजी युरोपीय समुदायाच्या प्रवेशकरारावरही सही त्यांचीच, आणि जागा लिस्बनचा जेरोनिमुश मठ, जिथे वास्को द गामाची कबर आहे. १९८६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कुन्याल यांनी आपल्या मतदारांना सांगितले, मतपत्रिकेवरचा सोआरेस यांचा चेहरा हवा तर हाताने झाका, पण शिक्का त्यांनाच मारा. ५१ टक्के मतांनी ते निवडून आले आणि दहा वर्षे अध्यक्ष राहिले. १९९२ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत प्रमुख पाहुणे तेच होते.

७ जानेवारी २०१७ रोजी, बाराव्या अटकेनंतर जवळजवळ अर्धशतकाने, ते लिस्बनमध्ये वारले. तेव्हाचे पोर्तुगीज पंतप्रधान आंतोनियु कॉस्टा, पेशाने वकील, सोआरेस यांच्याच पक्षाचे, भारताच्या दौऱ्यावर होते. अंत्यविधीला ते गेले नाहीत. त्याच आठवड्यात ते मडगावला आपल्या वाडवडिलांच्या घरी जाऊन आले.